जुने सिरियल ऑपरेटर पॅनल नव्या इथरनेट पीएलसीला जोडता येते का?

तुमचा प्रश्न मला असा समजला. रबाळे एमआयडीसीतील तुमच्या कारखान्यात पॅकिंग मशीनचा जुना पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) बंद पडला आणि त्याच्या जागी तुम्ही इथरनेट पोर्ट असलेला सीमेन्सचा एस७-१२०० बसवला. मशीनवरचे ऑपरेटर पॅनल (बटणे आणि आकडे दाखवणारा पडदा) मात्र जुनेच आहे. त्याला नऊ पिनांचा आरएस-२३२ पोर्ट आहे आणि त्यात मॉडबस आरटीयू (सिरियल वायरवरची मॉडबस भाषा) मास्टरचा, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याचा, ड्रायव्हर घातलेला आहे. तुम्ही मध्ये एक सिरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टर लावलात, त्याचे पाठवण्याचे आणि घेण्याचे दोन्ही दिवे लुकलुकतात, तरीही पडद्यावरची ‘कम्युनिकेशन एरर’ जात नाही. विक्रेता म्हणतो की पॅनलच बदला.

पॅनल बदलण्याची गरज नाही. मी गेली बावीस वर्षे वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत मशीनच्या कंट्रोलची कामे करतो, आणि तुमच्यासारखी जोडणी मी अनेकदा चालू करून दिली आहे. तुमचा कन्व्हर्टर बिघडलेला नाही. त्याच्याकडून जे काम होणारच नाही, ते तुम्ही त्याला दिले आहे.

साधा कन्व्हर्टर सिरियल वायरवरून आलेले बाइट जसेच्या तसे उचलून इथरनेटच्या पाकिटात घालतो आणि पुढे पाठवतो. मॉडबस आरटीयू आणि इथरनेटवर चालणारी मॉडबस टीसीपी यांची नावे सारखी असली, तरी त्यांची मांडणी वेगळी आहे. एक उदाहरण हाताने करून पाहू. पॅनलला १ क्रमांकाच्या स्टेशनकडून पहिली दोन रजिस्टरे (कंट्रोलरमधले संख्या ठेवण्याचे कप्पे) हवी आहेत, तर ते हेक्साडेसिमलमध्ये आठ बाइट पाठवते: ०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी. यातला पहिला बाइट स्टेशनचा क्रमांक, दुसरा ‘रजिस्टर वाच’ हा आदेश, पुढचे चार सुरुवातीचा पत्ता व संख्या, आणि शेवटचे दोन सीआरसी तपासणीचे आहेत. मॉडबस टीसीपीमध्ये हाच प्रश्न बारा बाइटांचा होतो: आधी व्यवहार क्रमांकाचे दोन, प्रोटोकॉलचे दोन शून्य, पुढे किती बाइट येणार ते सांगणारे दोन, मग स्टेशन क्रमांक, आदेश, पत्ता आणि संख्या, सीआरसी तिथे नसतोच. आता पॅनलचे मूळचे आठ बाइट कंट्रोलरच्या ५०२ पोर्टवर (मॉडबस टीसीपीचा ठरलेला पोर्ट) तसेच पोहोचले की तो त्यांचे वाचन आपल्या पद्धतीने करतो: व्यवहार क्रमांक ०१०३, प्रोटोकॉल शून्य, लांबी दोन, स्टेशन सी४, आदेश ०बी. हा साचा योगायोगाने बरोबर बसतो, म्हणून कंट्रोलर ‘हा आदेश मला मान्य नाही’ असे नऊ बाइटांचे उत्तर परत पाठवू शकतो. त्या उत्तराची सुरुवातही ०१ ०३ अशीच होते, म्हणून पॅनल ते वाचायला घेते. पण पुढची लांबी शून्य निघते, सीआरसी जुळत नाही आणि पॅनल ते फेकून देते. दोन्ही दिवे लुकलुकूनही एरर का जात नाही, याचे कारण असे असू शकते. दिवे फक्त बाइट गेले-आले एवढेच सांगतात.

म्हणजे तुम्हाला भाषांतर करणारा गेटवे हवा. तोही घेताना एक गोष्ट नीट विचारून घ्या, कारण बहुतेक फसगत इथेच होते. बाजारातले पुष्कळ मॉडबस गेटवे उलट्या कामासाठी घेतले जातात: इथरनेटवरचा संगणक प्रश्न विचारतो आणि सिरियल बाजूचे मीटर किंवा ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारे उपकरण) उत्तर देतात. तुमच्याकडे प्रश्न विचारणारे पॅनल सिरियल बाजूला आहे आणि उत्तर देणारा कंट्रोलर इथरनेटवर. म्हणून गेटवेने सिरियल बाजूला स्लेव्ह (उत्तर देणारा) आणि इथरनेट बाजूला टीसीपी क्लायंट (प्रश्न विचारणारा) म्हणून वागायला हवे, आणि कंट्रोलरमध्ये एमबी_सर्व्हर हा मॉडबसच्या प्रश्नांना उत्तर देणारा प्रोग्रॅमचा तयार ब्लॉक चालू असायला हवा. दुकानदाराला ‘आरटीयू ते टीसीपी करतो का’ असे विचारलेत तर उत्तर ‘हो’ असेच येईल; ‘सिरियल बाजूला मास्टर जोडता येतो का’ असे विचारा आणि मॅन्युअलमधील ते पान दाखवायला सांगा.

तरीही तुमच्या बाबतीत मी गेटवे घेणार नाही. एस७-१२०० च्या डाव्या बाजूला सीएम १२४१ हे सिरियल मोड्यूल बसते आणि त्याचा आरएस-२३२ प्रकारही मिळतो. ते लावून पॅनलची वायर थेट त्यात घालायची, प्रोग्रॅममध्ये मॉडबसचा कॉम_लोड ब्लॉक आणि स्लेव्ह ब्लॉक टाकायचा, की मधला डबा, त्याचा वेगळा चोवीस व्होल्टचा पुरवठा, त्याचा आयपी ॲड्रेस आणि त्याचा पासवर्ड या सगळ्यांची गरज संपते. मेंटेनन्सला नंतर येणाऱ्या माणसाला तपासायची एक जागा कमी होते, हे मला पैशांपेक्षा मोठे वाटते. गेटवे तेव्हाच घ्यावा, जेव्हा पॅनल कंट्रोलरपासून लांब आहे किंवा कंट्रोलरला असे मोड्यूलच बसत नाही. आरएस-२३२ ची केबल साधारण पंधरा मीटरपर्यंतच भरवशाची असते. त्यापुढे आरएस-४८५ (लांब अंतराची सिरियल पद्धत) किंवा इथरनेट वापरावे.

आता पत्त्यांकडे येतो, आणि इथे मी तुम्हाला मनापासून सावध करतो. सीमेन्सच्या या मॉडबस ब्लॉकमध्ये रजिस्टरे तुम्ही दिलेल्या डेटा ब्लॉकमध्ये जातात. ४०००१ म्हणजे त्याचा पहिला वर्ड (सोळा बिटांचा कप्पा). पण कॉइलचे (एका बिटाचे, चालू-बंदचे) आदेश, म्हणजे ज्यांचे पत्ते ००००१ पासून सुरू होतात ते, डेटा ब्लॉकमध्ये न जाता सरळ आउटपुटवर जातात: ००००१ म्हणजे क्यू०.०, म्हणजे पहिला आउटपुट. तुमच्या जुन्या पीएलसीत पॅनलवरचे ‘स्टार्ट’ बटण कॉइल ००००१ म्हणून एखाद्या आतल्या मेमरी बिटावर लिहीत असेल, तर नव्या कंट्रोलरमध्ये तेच बटण क्यू०.० ला जोडलेला कॉन्टॅक्टर किंवा व्हॉल्व्ह थेट चालू करू शकेल, आणि गार्डचा दरवाजा उघडा आहे की बंद हे प्रोग्रॅमने पाहण्याची पायरीच मध्ये येणार नाही. तो आउटपुट प्रोग्रॅममध्ये दर स्कॅनला (प्रोग्रॅमच्या प्रत्येक फेरीत) लिहिला जात असेल तर पॅनलचे लिखाण पुसले जाईल, आणि लिहिला जात नसेल तर तसेच राहील. दोन्ही प्रकार वाईट. म्हणून पॅनलची प्रोजेक्ट फाइल उघडा आणि सगळी बटणे रजिस्टरांवर हलवा. शक्यतो प्रत्येक बटणाला स्वतंत्र रजिस्टर द्या. एकाच रजिस्टरमध्ये सोळा बटणे कोंबली, तर पॅनल आधी वाचून मग लिहिते आणि त्या मधल्या क्षणात कंट्रोलरने बदललेला बिट जुन्या किमतीवर परत जाऊ शकतो. मी त्या डेटा ब्लॉकचा ‘ऑप्टिमाइझ्ड’ ॲक्सेस बंद ठेवतो, म्हणजे पत्ते हाताने मोजता येतात.

दशांश संख्या असतील तर शब्दांचा (वर्डचा) क्रम तपासा. कंट्रोलरमध्ये १.० ही किंमत ठेवा. तिचे दोन शब्द ३एफ८० आणि ०००० असे असतात. पॅनलने ते उलटे जोडले तर संख्या इतकी बारीक होते की पडद्यावर शून्यच दिसते, आणि माणूस समजतो की डेटा येत नाही. पॅनलच्या ड्रायव्हरमध्ये ‘वर्ड स्वॅप’ असा पर्याय बहुधा सापडतो. सगळे पत्ते एकाने सरकलेले दिसले तर ४०००१ ला एका बाजूने शून्य आणि दुसऱ्या बाजूने एक मानले जात आहे, इतकेच.

वेगाबद्दल थोडेसे. ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट) अकरा बिटांचा एक बाइट जायला सुमारे १.१५ मिलिसेकंद लागतात. वीस रजिस्टरांचे उत्तर ४५ बाइटांचे असते, म्हणजे त्याला साधारण ५२ मिलिसेकंद लागतात. एका पडद्यावर विखुरलेल्या पत्त्यांचे दहा वेगवेगळे प्रश्न असतील तर पडदा सुस्त वाटणारच. पत्ते सलग ठेवले की पॅनल एका प्रश्नात सव्वाशे रजिस्टरांपर्यंत मागू शकते, आणि १९२०० बॉडवर हाच वेळ निम्मा होतो. पॅरिटी (बाइटबरोबर जाणारा तपासणीचा बिट) दोन्हीकडे एकच ठेवा.

वायरिंगमध्ये आरएस-२३२ साठी पिन २ आणि ३ उलटसुलट करायच्या की सरळ, ते दोन्ही बाजूंची मॅन्युअल पाहून ठरवा. पिन ५ (सिग्नल ग्राउंड) मात्र जोडलेलीच हवी. तुर्भ्याच्या एका कारखान्यात दर वेळी मिक्सरचा ड्राइव्ह सुरू झाला की पॅनलचा संपर्क तुटत असे. आम्ही दोन दिवस प्रोग्रॅम तपासत बसलो. शेवटी केबल ट्रेचे झाकण काढले, तेव्हा पॅनलची पातळ राखाडी केबल ड्राइव्हच्या मोटर केबलला टायने सहा ठिकाणी घट्ट बांधलेली दिसली. ती सोडवून दुसऱ्या ट्रेमधून नेली, शिल्ड एका टोकाला अर्थ केले, आणि तक्रार संपली. आरएस-४८५ वापरत असाल तर दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टन्स लावा आणि वीज बंद करून मल्टिमीटर धरा. ६० च्या आसपास वाचन आले तर दोन्ही आहेत, १२० आले तर एक राहिला आहे. ‘ए’ आणि ‘बी’ ही नावे सगळे उत्पादक एकाच अर्थाने वापरत नाहीत, त्यामुळे संपर्क झाला नाही तर या दोन वायर अदलाबदल करून पाहायला हरकत नाही.

तुमच्या पॅनलमध्ये मॉडबस आहे हे नशीब समजा. ॲलन-ब्रॅडलीचा डीएफ१ किंवा मित्सुबिशीच्या एफएक्सचा प्रोग्रॅमिंग पोर्टचा प्रोटोकॉल असता, तर मॉडबसचे कोणतेही मोड्यूल किंवा गेटवे उपयोगी पडले नसते; पॅनलचा ड्रायव्हर बदलावा लागला असता आणि त्यासाठी मूळ प्रोजेक्ट फाइल लागली असती. ती फाइल हातात नसेल आणि पॅनल ती परत देत नसेल, तर नवे पॅनल घेणे मला योग्य वाटते. तुमच्याकडे फाइल असेल तर आजच तिच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा.

शेवटचे काम मशीन उत्पादनाला देण्याआधी करायचे आहे. पॅनलवरचे ‘जॉग’ बटण दाबले की ‘१’ जातो आणि बोट उचलले की ‘०’ जातो. बोट दाबलेले असताना केबल निघाली तर तो ‘०’ कधीच पोहोचत नाही आणि कंट्रोलरच्या दृष्टीने बटण दाबलेलेच राहते. म्हणून पॅनलकडून दर सेकंदाला बदलणारे एक रजिस्टर कंट्रोलरमध्ये घ्या, आणि ते दोन सेकंद बदलले नाही तर पॅनलकडून आलेले सगळे आदेश शून्य करून मशीन थांबवा. पॅनलमध्ये अशी सोय नसेल, तर जॉगसाठी मशीनवर वायरचे खरे पुश बटण लावा. इमर्जन्सी स्टॉप तर पॅनलवर कधीच नसावा. तो वायरनेच सेफ्टी रिलेवर जायला हवा. मग फिल्मचा रोल काढून ठेवा, एका सहकाऱ्याला मुख्य स्विचजवळ उभे करा, जॉग दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने तो नऊ पिनांचा कनेक्टर ओढा. दोन सेकंदांत कन्व्हेयर थांबला, तर मशीन त्याच पाळीत ऑपरेटरच्या ताब्यात द्या.