रशेस बघितलेस का?

बाय,

तुझा मेसेज रात्री दीडला आला. मी जागाच होतो, पण तेव्हाच लिहिलं असतं तर चिडून लिहिलं असतं म्हणून आत्ता सकाळी लिहितोय. तू विचारलंस शोरीलमधून, म्हणजे काम मागताना दाखवायच्या नमुन्याच्या व्हिडिओतून, लग्नाचे व्हिडिओ काढून टाकू का, कारण गोरेगावच्या त्या ऑफिसात तुला म्हणाले की तुझं काम विस्कळीत आहे, लग्नं पण, सिरीयलचे प्रोमो पण, आंब्याच्या कॅनिंगची फिल्म पण, मग तू नक्की कसली एडिटर. आणि अगदी खाली जाता जाता लिहिलंस की मासे विकणाऱ्या बायकांवरच्या डॉक्युमेंटरीचं ४१ तासांचं फुटेज आलंय, डिरेक्टरने सॉफ्टवेअरमधून ट्रान्सक्रिप्ट काढून हवं ते मार्क करून दिलंय, तेवढंच घेऊन बसणार आहेस.

शोरीलचं राहू दे गो. माझी झोप त्या शेवटच्या ओळीने गेली.

रशेस, म्हणजे शूट झालेलं न कापलेलं फुटेज, बघ. सगळे बघ, स्वतः बघ, फास्ट फॉरवर्ड न करता बघ.

विस्कळीत म्हणशील तर माझं काय वेगळं होतं? कुडाळ-कणकवलीची लग्नं कापली, ३० सेकंदांच्या जाहिराती केल्या जिथे सगळे मिळून ७५० फ्रेम असतात आणि सहा फ्रेम इकडेतिकडे झाल्या तरी क्लायंटला कळतं, डेली सोप केली, दोन सिनेमे केले, दशावतारावर फिल्म केली. रेणू सलुजांचं काम बघ, १९८३ चा 'जाने भी दो यारो' आणि १९८९ चा 'परिंदा', एक पोट धरून हसवणारा आणि दुसरा अंगावर काटा आणणारा, दोन्हींची एडिटर एकच बाई. त्यांना कोणी विचारलं नसेल तुम्ही नक्की कसल्या एडिटर. त्यामुळे लग्न काढू नकोस, विषय संपला.

आणि लग्नाला नाकं मुरडतेस, पण मला पहिली अक्कल लग्नाने दिली. पाठवणी चालली होती, पहिला कॅमेरा मुलीवर, सगळे रडतायत, आणि दुसरा कॅमेरा कोणीतरी चालू ठेवून विसरलेला, त्यात मांडवाच्या मागे मुलीचा बाप केटररची ताटं मोजत उभा. मोजतोय, चुकतोय, परत पहिल्यापासून मोजतोय. तिकडे जाऊन रडायचं नाही म्हणून मोजतोय. तो शॉट कोणी मार्क करून दिला नव्हता. मी दुसरा कॅमेरा पूर्ण बघितला म्हणून सापडला.

सिरीयलमध्ये पण तेच. २२ मिनिटांचा एपिसोड म्हणजे ३३ हजार फ्रेम, संध्याकाळपर्यंत चॅनलला द्यायचा, कोण बघतंय सगळं? पण नट ऐकत असल्याचा खरा चेहरा पुष्कळदा 'ॲक्शन' म्हणायच्या आधी असतो, नाहीतर 'कट' म्हटल्यावर, जेव्हा तो समोरच्याकडे नुसता बघत उभा असतो. मी किती सीन तसल्या दोन-दोन सेकंदांवर उभे केलेत. असिस्टंटने काढलेल्या सिलेक्टमध्ये ते सेकंद कधीच येत नाहीत, कारण त्याच्या दृष्टीने टेक तेव्हा सुरूच झालेला नसतो.

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो. २००६ साली रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून करायच्या मासेमारीवर, एक फिल्म कापली. मिनी डीव्हीच्या १८ टेप होत्या. तासाला साधारण १३ जीबी लागायची आणि माझ्याकडे एकच १६० जीबीची ड्राईव्ह. मग लॉगशीट, म्हणजे कुठल्या टेपवर काय आहे ते लिहिलेला कागद, बघून निवडक तेवढंच ड्राईव्हवर उतरवलं. चौदाव्या टेपसमोर लिहिलेलं, 'रापण ओढताना, कॅमेरा हलतोय, एनजी', म्हणजे नो गुड, बाद. मी ती लावलीच नाही. मशीनमध्ये घालून बघायला एक तास लागला असता, एक तास. फिल्म पूर्ण झाली, मालवणात दाखवली, लोकांना आवडली, आणि बाहेर येताना कॅमेरामन मला म्हणाला, "आजोबांक खंय टाकलंस?" मी म्हटलं कोण आजोबा. तर तो सांगायला लागला की जाळं जवळजवळ रिकामं आलं, बाकीची माणसं निघून गेली आणि एक म्हातारा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून दोर नुसता हातात धरून होता, सोडतच नव्हता, आणि हा कॅमेरा घेऊन पाण्यात उतरला म्हणून फ्रेम हलत होती. दुसऱ्या दिवशी टेप शोधायला गेलो, तर प्रॉडक्शनने त्यावर दुसरं शूट घेऊन टाकलेलं.

तो म्हातारा मी कधीच बघितला नाही. आज एवढ्या वर्षांनी पण किनाऱ्यावर रापण लागलेली दिसली की मी शेवटच्या माणसाकडे बघत राहतो.

त्यानंतर मी एकही काम सगळं बघितल्याशिवाय कापलेलं नाही. एका सिरीयलमधून मला स्लो म्हणून काढलं. काढू दे. घरी त्या महिन्यात हप्त्याची ओढाताण झाली, बायको काही बोलली नाही, आणि तिचं ते न बोलणं मला जड गेलं हे खरं, पण परत तीच वेळ आली तर मी परत सगळं बघूनच बसेन. लोक म्हणतात मुंबई झेपली नाही म्हणून गावाला आला. मी आलो कारण इथे माझ्या वेळेवर माझा ताबा आहे. पावसात लाईट जाते, दमट हवेने जुन्या टेपांना बुरशी धरते, ड्राईव्ह सिलिका जेल घालून डब्यात ठेवाव्या लागतात, ते सगळं चालतं मला. दशावताराची अख्खी रात्र दोन कॅमेऱ्यांनी शूट केली होती, त्या नाटकाला लिहिलेली संहिताच नसते, मग कुठलं ट्रान्सक्रिप्ट आणि कुठलं काय, तीन वेळा बघितलं सगळं. पहाटे दहीहंडी फुटल्यावर राजा झालेला माणूस पेटाऱ्याच्या बाजूला बसून खोबरेल तेलाने तोंड पुसतोय, अर्धा चेहरा अजून राजाचा, तिथून फिल्म सुरू केली.

ट्रान्सक्रिप्ट बोललेलं सांगतं ना, मग ती बाई भाव करता करता गप्प होते ते कोण सांगणार? बर्फात तिचा हात किती वेळ असतो ते कुठल्या ओळीत आलंय? डिरेक्टरने मार्क केलंय ते त्याला शूटच्या वेळी आवडलेलं आहे. त्याला तो दिवस आठवतो, ऊन आठवतं, बाईशी मारलेल्या गप्पा आठवतात. तू तिथे नव्हतीस, तुला फक्त पडद्यावर आहे तेवढंच दिसणार, प्रेक्षकालाही तेवढंच दिसणार. म्हणून तर तुला बोलावलंय ना!

४१ तास म्हणजे रोजचे सहा तास धर, सात दिवस. त्याच्याकडे सात दिवस माग, देत नसेल तर पहिल्या आठवड्याचे पैसे सोड पण बघ. वही घे, हाताने लिही, कुठे तुझं लक्ष उडालं ते पण टाईमकोडसकट, म्हणजे फुटेजमधल्या नेमक्या वेळेसकट, लिही. पहिल्यांदा बघताना जे वाटतं ते दुसऱ्यांदा वाटत नाही. आणि आवाज चालू ठेवून बघ, मोबाईल दुसऱ्या खोलीत.

आठव्या दिवशी मला फोन कर. स्ट्रक्चर काय, सुरुवात कुठून, मी काही विचारणार नाही. त्या बायकांमधली सगळ्यात कमी बोलणारी कोण आणि ती टोपली कुठल्या हाताने उचलते, तेवढं सांग मला.