मामा, सायकल द्या. चेक राहू द्या

भांडुपच्या एका वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय 56. व्हीआरएस घेऊन दोन महिने झाले, सगळं मिळून 46 लाख हातात आले. भाचा कुठल्याही मोठ्या बॅनरशिवाय मराठी सिनेमा करतोय, बजेट 1 कोटी 20 लाख. छापखान्यातली नोकरी गेलेला माणूस मुलाच्या जुन्या सायकलवर बसतो आणि नव्याने उभा राहतो, अशी गोष्ट. "मामा, 8 लाख घाला, भागीदार व्हा, दोन वर्षांत दुप्पट." घालू का? शेवटी एक ओळ: "तसा मी निर्धास्त आहे. बँकेतल्या मॅडमनी 5 लाखांची गॅरंटीवाली स्कीम करून दिली आहे, तिचे 1 कोटी येणार आहेत. पाकीट गेल्या आठवड्यात आलं, अजून फोडलेलं नाही."

सिनेमाचं नंतर बघू. ती शेवटची ओळ वाचून मी तुम्हाला लगेच फोन केला, कारण हे उत्तर छापून येईपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं. पाकीट फोडायला सांगितलं. कात्रीचा आवाज मला ऐकू आला. मग तुम्ही वाचलंत: "प्रीमियम भरण्याचा कालावधी, 10 वर्षं." त्यानंतर बराच वेळ तुम्ही काही बोलला नाहीत.

"काका, एफडीसारखंच आहे, फक्त व्याज जास्त" असं सांगून ही विमा पॉलिसी तुमच्या गळ्यात मारली. 5 लाख एकदाच भरायचे नाहीत, दरवर्षी भरायचे आहेत. एकूण 50 लाख. तुमच्याकडे आहेत 46. नोकरी नसलेल्या माणसाला वर्षाला 5 लाखांचा हप्ता लावणाऱ्याला काय म्हणावं, ते मी इथे लिहीत नाही.

आणि ते 1 कोटी मिळणार 20 वर्षांनी, म्हणजे तुमच्या 76व्या वर्षी. हप्ते सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतात आणि दुप्पट होतात, म्हणजे परतावा जेमतेम साडेचार टक्के. बँकेची साधी एफडीसुद्धा याहून बरी.

आता पुढची वर्षं बघा. घरखर्च 42 हजार, वहिनींच्या शिकवण्यांचे 12 हजार येतात. खड्डा महिन्याला 30 हजारांचा, वर्षाला 3 लाख 60 हजारांचा. पहिला हप्ता गेलाच आहे, सिनेमाचे 8 लाख गेले की उरतात 33. त्यावर 7 टक्के व्याज धरलं, खड्डा भरला आणि दरवर्षी हप्ताही भरला, तर सहाव्या हप्त्याला खात्यात पैसे नसतील. तुमच्या एकसष्टीच्या वर्षी. तेव्हा पॉलिसी मोडाल तर भरलेल्या पैशांतला मोठा तुकडा गेलेला असेल.

सुदैवाने पाकीट मिळाल्यापासून 30 दिवसांचा फ्री लूक काळ असतो, म्हणजे पॉलिसी वाचून पटली नाही तर परत करायची मुदत. अर्ज विमा कंपनीकडे लेखी करायचा आणि पोच घ्यायची. मॅडमना व्हॉट्सअॅप केलं म्हणजे झालं असं समजू नका. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विमासंरक्षणाचा खर्च कापून बाकी पैसे परत येतात. शाखेतून "काका, आत्ता बंद केलं तर नुकसान आहे" असा फोन नक्की येईल. घेऊ नका. कंपनीने टाळाटाळ केली तर 'बिमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करा, पुढे विमा लोकपाल आहेत.

दुसरी घाई पोस्टाची. ज्येष्ठ नागरिक बचत योजना 60 नंतरच, असं बहुतेकांना वाटतं. पण 55 ते 60 वयात निवृत्त होणाऱ्याला, व्हीआरएसवाल्यालासुद्धा, निवृत्तीचे पैसे हातात पडल्यापासून तीन महिन्यांत हे खातं उघडता येतं. तुमचे दोन महिने गेले आहेत. कंपनीकडून निवृत्तीचं पत्र आणि मिळालेल्या रकमेचा दाखला आजच मागा. कमाल 30 लाख. सध्याच्या 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 61,500, म्हणजे महिना साडेवीस हजार. उरलेल्या 16 लाखांचे एफडीतून नऊ हजार. खड्डा जवळजवळ भरतो. महागाई वाढेल तशी मुद्दलाला हात लावावा लागेल, म्हणूनच ते 16 लाख जपायचे. आणि नोकरीबरोबर कंपनीचा मेडिक्लेमही गेला असेल, त्याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. या 16 लाखांतून आधी दोघांचा आरोग्य विमा.

आता सिनेमा. तुम्ही पाठवलेली चार पानं वाचली. ऐरोलीच्या पुलावर चेन पडते, तो हातानेच बसवतो, काळे हात शर्टाला पुसतो आणि त्याच शर्टात मुलाखतीला जातो. चांगला प्रसंग आहे. शेवटी तो 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत पुरी करतो की नाही, हे भाच्याने सांगितलेलं नाही, तेही आवडलं.

पण "दुप्पट"? दीडशेच्या तिकिटातून जीएसटी जाऊन सव्वाशे उरतात, त्यातले साधारण निम्मे थिएटरचे. निर्मात्याच्या हाती साठेक रुपये. 1 कोटी 20 लाख नुसते परत यायला दोन लाख माणसं थिएटरात यावी लागतील, आणि यात पोस्टर, जाहिरात, वितरकाचं कमिशन धरलेलंच नाही. सरकारी अनुदान मिळतं ते सिनेमा पूर्ण होऊन, सेन्सॉर होऊन, परीक्षणातून गेल्यावर. "ओटीटीवाले घेतील" याला करार म्हणत नाहीत. भाचा खोटं बोलत नाही, त्याला तसं मनापासून वाटतंय. नवखे निर्माते असेच असतात.

भागीदारी संस्थेत सही तर मुळीच करू नका. साध्या भागीदारीत संस्थेचं कर्ज प्रत्येक भागीदाराच्या अंगावर येतं, तुमच्या भांडुपच्या घरापर्यंत. 8 लाख घालून 80 लाखांचं देणं कशाला ओढवून घेता?

पॉलिसीचे पैसे परत आले, पोस्टातलं खातं उघडलं, आरोग्य विमा हातात पडला, की मग भाच्याला एक लाख द्या. भेट म्हणून. भाच्याला तसं तोंडावर सांगा, आणि वहिनींनाही. आणि फोन ठेवता ठेवता तुम्ही म्हणालात, गॅलरीत काळी सायकल टांगलेली आहे, कॉलेजच्या काळातली, मागचं चाक जाम. ती उतरवून दुरुस्तीला टाका. भाच्याला शूटिंगसाठी जुनी सायकल लागणारच आहे.