दप्तरातला लॅपटॉप: वाचकांचे प्रश्न

मुलांनी स्वतःचा लॅपटॉप शाळेत आणायचा, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: जूनपासून आठवीच्या मुलांनी लॅपटॉप आणावा, असं शाळेचं पत्र आलंय. कोणता, ते लिहिलेलं नाही. दुकानदार १६ जीबी रॅमचा, ग्राफिक्स कार्डवाला दाखवतोय. एवढा लागतो का? (एक पालक, जुळे सोलापूर)

उत्तर: नाही लागत. आठवीचं काम म्हणजे लेखन, तक्ते, सादरीकरण, स्क्रॅच किंवा पायथनमधलं प्रोग्रॅमिंग आणि ब्राउझर. त्याला ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी (फिरते भाग नसलेली साठवण) पुरते. जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क मात्र घेऊ नका. तिच्यात फिरती तबकडी असते आणि दप्तर बाकावर आदळलं की तीच आधी जाते. पडदा १४ इंची बरा. १५.६ इंची लॅपटॉप बाकावर ठेवला की वहीला जागा उरत नाही.

वजनही बघा. दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नसावं, असं केंद्राचं २०२० चं दप्तर धोरण सांगतं. ४० किलोच्या मुलाला ४ किलो. ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप सव्वादोन किलोच्या आसपास जातो, त्याचा चार्जर वेगळाच. साधा १४ इंची दीड किलोत बसतो. लॅपटॉपच्या दिवशी कोणती पुस्तकं आणायची नाहीत, हे शाळेकडून लेखी घ्या. विंडोजच हवं की लिनक्स (फुकट मिळणारी दुसरी प्रणाली), क्रोमबुक (गूगलच्या प्रणालीवरचा लॅपटॉप) चालेल, तेही पैसे मोजण्याआधी विचारा. आणि नेहमीच्या वॉरंटीत पडणं, पाणी सांडणं येत नाही. त्यासाठी अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. शाळेत जाणाऱ्या लॅपटॉपला ते घ्याच.

प्रश्न: नवीन परवडत नाही. नवी पेठेत जुना बघतोय. काय तपासू? (रिक्षाचालक, विजापूर रोड)

उत्तर: आधी प्रोसेसरचा क्रमांक. इंटेलमध्ये 'आय५' नंतरचा आकडा ८ किंवा त्याच्या पुढच्या पिढीचा हवा. आय५-८२५० चालेल, आय५-७२०० ला विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. शाळेला लिनक्स चालत असेल तर सातव्या पिढीचा यंत्रही वाईट नाही, आणि तो स्वस्तात मिळतो.

मग बॅटरी. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत 'पॉवरसीएफजी', एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून 'बॅटरीरिपोर्ट' टाइप करा. एक फाइल तयार होते. तिच्यात दोन आकडे बघायचे: बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता. मूळ ४१,००० आणि आज २४,००० असेल तर साठ टक्क्यांखाली आली. घासाघीस करताना नव्या बॅटरीची किंमत वजा करा. टचपॅड वर आलेला दिसला किंवा झाकण नीट बसत नसलं, तर बॅटरी फुगलेली असू शकते. तो यंत्र फुकट मिळाला तरी घेऊ नका.

झाकण एका कोपऱ्याला धरून उघडा. करकरलं तर बिजागरी गेली. नोटपॅडमध्ये एकेक कळ दाबून बघा. शेवटी दुकानातच विंडोज नव्याने चढवायला सांगा. सुरू होताना एखाद्या कंपनीचा ईमेल मागत असेल तर तो कंपनीच्या ताब्यातला यंत्र आहे. आज कसाबसा चालला तरी पुढे कुलूप लागणार.

प्रश्न: घरात दोन माग आहेत. मुलीचा लॅपटॉप तासाभरात तापतो आणि आपोआप बंद पडतो. (दाजी पेठ)

उत्तर: सुताची धूळ. पंखा खालून हवा ओढतो आणि तांब्या-ॲल्युमिनियमच्या बारीक पात्यांमधून बाहेर फेकतो. पंखा आणि पाती यांच्या मधल्या फटीत सुताचे तंतू साचून नमद्यासारखी पट्टी तयार होते. बाहेरून फुंकर मारली की ती उलट आणखी घट्ट बसते. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की आधी काम मंद करतो आणि मग स्वतःला वाचवायला बंद होतो. दुरुस्तीवाल्याकडून खालचं झाकण उघडून, पंखा सोडवून ती पट्टी चिमट्याने काढून घ्या. उघडलाच आहे तर थर्मल पेस्टही (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) नवी लावा. ब्लोअर मारायचा असेल तर पंख्याचं पातं काडीने धरून ठेवायचं, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं. माग असलेल्या घरात हे दर तीन-चार महिन्यांनी करावं. आणि रात्री लॅपटॉप चादरीवर ठेवून अभ्यास नको. सोलापुरी चादर कितीही चांगली असली तरी खालची जाळी बंद करते. पाटावर ठेवा.

प्रश्न: एका वर्गात ४२ मुलं. चार्जिंग आणि वाय-फायची सोय कशी करावी? चाचणीच्या दिवशी एकदा वर्गाची वीजच गेली, तारतंत्र्याला दोष सापडला नाही. (मुख्याध्यापिका, होटगी रोड)

उत्तर: ४२ चार्जर, प्रत्येकी ६५ वॅट, म्हणजे २,७३० वॅट. २३० व्होल्टवर हे १२ अँपिअरच्या आसपास जातं. वर्गातलं साधं सॉकेट ६ अँपिअरचं, म्हणजे १,३८० वॅटचं. एका सॉकेटला एक्स्टेन्शन, त्याला आणखी एक एक्स्टेन्शन अशी माळ लावली की पहिलाच प्लग वितळतो.

दोष न सापडता वीज जाण्याची दोन कारणं असू शकतात. सगळे चार्जर एकदम सुरू झाले की क्षणभर प्रवाह उसळतो आणि एमसीबी (जादा प्रवाहाला वीज तोडणारी कळ) पडतो. दुसरं कारण पटकन लक्षात येत नाही. प्रत्येक चार्जरमधून अर्थिंगकडे किंचित प्रवाह गळतो. अर्धा मिलिअँपिअर धरला तरी ४२ चार्जरचा २१ होतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाह गळला की वीज तोडणारी कळ) १५ च्या पुढे कधीही पडू शकतो. चार्जरही चांगले, वायरिंगही चांगलं, तरी अंधार. भार दोन वेगळ्या सर्किटवर विभागा: प्रत्येकाला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, १६ अँपिअरचा सी-प्रकारचा (क्षणभराची उसळी सोसणारा) एमसीबी आणि स्वतःचा आरसीसीबी. आरसीसीबी काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो माणूस बदला.

खरं तर एवढ्या जागा लागूच नयेत. लॅपटॉप घरून पूर्ण चार्ज करून आणायचा, हा नियम ठेवा. दोन-तीन तासिकांना बऱ्या स्थितीतली बॅटरी पुरते. मग भिंतीकडेला दहा जागा बास, आणि पोरांच्या पायात वायरीही येत नाहीत.

इंटरनेट जोडणीबरोबर मिळालेला घरगुती राउटर ४२ यंत्रांखाली दबतो. वर्गात छताला एक ॲक्सेस पॉइंट (केबलवरून आलेलं नेट वाय-फायने पसरवणारी पेटी) लावा आणि तिथपर्यंत कॅट-६ केबल न्या. एका टप्प्यात ती १०० मीटरच्या वर नको. मुलांचे लॅपटॉप वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर ठेवा. शेजारच्या वर्गांत २.४ लागलाच तर १, ६ आणि ११ हेच चॅनेल वापरा. 'सिग्नल पूर्ण, पण नेट नाही' अशी तक्रार आली तर राउटर प्रत्येक यंत्राला देतो ते पत्ते संपलेत का बघा. साध्या मांडणीत अडीचशेच्या आसपास पत्ते असतात आणि शिक्षकांचे मोबाइलही त्यातलेच खातात. पत्त्याची मुदत २४ तासांवरून ४ तासांवर आणा. प्रत्येक लॅपटॉपवर शाळेचं वाय-फाय 'मीटर्ड' (मोजून वापरायची जोडणी) करून घ्या, नाहीतर पहिल्या तासिकेला विंडोजचे अपडेट सगळी लाइन पितात. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ शाळेच्या एका संगणकावर आधीच उतरवून सामायिक फोल्डरमध्ये ठेवल्या तर निम्मी तक्रार उद्भवतच नाही.

एप्रिलमध्ये शाळा सकाळची असते ते बरंच. बहुतेक कंपन्या वापरासाठी ३५ अंशांपर्यंतच्या तापमानाचीच हमी देतात. आपल्याकडे पत्र्याखालच्या वर्गात दुपारी किती असतं ते तुम्ही जाणताच.

प्रश्न: घरी मराठीत लिहिलेला निबंध शाळेत उघडला की नुसती इंग्रजी चिन्हं दिसतात. (नववी, अक्कलकोट)

उत्तर: तू जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करतोस. तो फॉन्ट शाळेच्या संगणकावर नाही. विंडोजच्या भाषा सेटिंगमध्ये मराठी जोड आणि इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कळफलक शिक. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, त्यामुळे हात पटकन बसतो. तोच कळफलक कन्नड आणि तेलुगूलाही जवळजवळ तसाच आहे. वर्गातले निम्मे मित्र घरी त्याच भाषा बोलत असतील.

प्रश्न: तासाला मुलं गेम खेळतात. नजर ठेवणारं सॉफ्टवेअर घालावं का? आणि ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही, त्यांचं काय? (शिक्षक, बार्शी)

उत्तर: लॅपटॉप मुलाच्या घरचा आहे. त्यावर पाळतीचं सॉफ्टवेअर घालायचं तर पालकांची लेखी संमती हवी. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती घेण्याची तरतूद आहे. त्यापेक्षा बाकांची तोंडं भिंतीकडे करा, पडदे आपल्याला दिसतात. बोलत असताना 'झाकण अर्धं' हा एकच हुकूम ठेवा.

लॅपटॉप नसलेल्यांसाठी दोघांत एक असंच काम आखा: एक टाइप करतो, दुसरा सांगतो आणि दहा मिनिटांनी जागा बदलतात. प्रोग्रॅमिंगला हे उलट चांगलं चालतं. शाळेने चार-पाच जुने यंत्र लिनक्स घालून कपाटात ठेवावेत आणि नोंदवहीत सही घेऊन घरी द्यावेत. चार्जरवर शाळेचा क्रमांक रंगाने लिहा. चिकटपट्टी आठवड्यात निघते.