इटालियन वेस्टर्नमध्ये, म्हणजे इटलीत बनलेल्या काउबॉयपटांमध्ये, स्टंट करणारा एखादा माणूस अभिनेता म्हणूनही लक्षात राहिलाय का?

असे बरेच आहेत, पण मी नाव घेईन बेनितो स्तेफानेल्लीचं. नाव ऐकलं नसेल, पण क्लिंट ईस्टवूडची डॉलर्स मालिका पाहिली असेल तर चेहरा नक्की पाहिलाय. तिन्ही सिनेमांत तो खलनायकाच्या टोळीत आहे.

१९६४च्या 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'मध्ये तो रोखो टोळीतला रुबिओ. श्रेयनामावलीत मात्र 'बेनी रीव्ह्ज' शोधा. सिनेमा अमेरिकन वाटावा म्हणून बऱ्याच इटालियन मंडळींचं नव्यानं बारसं झालं होतं. खुद्द दिग्दर्शक सर्जिओ लिओने 'बॉब रॉबर्टसन' झाला आणि संगीतकार मोरिकोने 'डॅन साविओ'!

आपल्याकडे शेट्टी कसे मारामाऱ्याही बसवायचे आणि नायकाचा मारही खायचे, तसाच हा. शिवाय त्याला इंग्रजी येत होतं. लिओनेला इंग्रजीचा गंध नव्हता, ईस्टवूडला इटालियनचा. त्यामुळे सेटवर या दोघांमधला दुभाषाही तोच. पुढे ज्या जोडीचे गोडवे सगळ्यांनी गायले, तिचा संवाद निम्मा या फाइट मास्टरच्या तोंडून झालाय.

स्टंटवाल्यांना तिथे भूमिका सहज मिळायच्या, त्याचं एक कारण मला डबिंग वाटतं. शूटिंगला ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत बोलावं, आवाज नंतर स्टुडिओत चढवायचा. मग घोड्यावर मांड पक्की, बंदूक सराईतपणे हाताळता येते आणि चेहरा रापलेला आहे, एवढं पुरे. आवाज कुणाचाही चालतो.

त्याचं काम नीट बघायचं तर १९६७चा 'डे ऑफ अँगर' बघा. दिग्दर्शक तोनिनो वालेरी, लिओनेचा जुना सहायक. त्यात स्तेफानेल्ली अमेरिकन अभिनेता ली व्हॅन क्लीफला द्वंद्वाचं आव्हान देतो. दोघं घोड्यांवर, हातात नळीच्या तोंडातून भरायच्या जुन्या बंदुका. घोडे समोरासमोर उधळलेले असताना दारू ओतायची, गोळी सारायची, गजानं ठासायची आणि नेम धरायचा. लगाम धरायला हात रिकामा कुठला? मी हा प्रसंग मागे नेऊन नेऊन पाहिलाय, आणि दरवेळी व्हॅन क्लीफपेक्षा याच्याच हातांकडे लक्ष जातं. मरतो अर्थात हाच.

त्याच सिनेमातला तरुण नायक जुलियानो जेम्मा, तोसुद्धा सुरुवातीला स्टंटच करायचा. त्याच्यावर लिहायचं तर वेगळं उत्तर लागेल.