रागाच्या विरुद्ध काय लिहायचं?

"मावशी, माझी मुलगी साडेचार वर्षांची, ज्युनियर केजीत आहे. शाळेतून विरुद्धार्थी शब्दांचं वर्कशीट आलंय, आनंदी-दुःखी, शूर-भित्रा, शांत-रागीट, शेजारी स्मायली. तिचं सगळं धडाधड पाठ आहे. पण घरात आठ महिन्यांचा धाकटा भाऊ आहे, परवा त्याचा खुळखुळा तिने भिंतीवर आपटला आणि मग स्वतःच रडत बसली. काय झालं विचारलं तर म्हणे 'मी दुःखी आहे'. भूक लागली तरी दुःखी, झोप आली तरी दुःखी. आणि काल म्हणाली, 'मी गुड गर्ल नाही, मी रागीट आहे'. सासूबाई म्हणतात एवढ्याशा पोरीला कसले आलेत मूड, एक धपाटा दे. माझं शिकवणं चुकतंय का? शाळेत बोलू का?"
– एक आई, चिंचवड

अगं, तुझं काही चुकत नाहीये आणि पोरीचंही नाही. या वयात मुलांना आधी 'बरं वाटतंय' आणि 'बरं नाही वाटत' एवढंच कळतं, त्यातून राग वेगळा, भीती वेगळी, वाईट वाटणं वेगळं हे हळूहळू सुटं होत जातं, त्यामुळे जे काही नकोसं आहे ते सगळं तिने 'दुःखी'मध्ये कोंबलंय बस.

माझी तक्रार त्या वर्कशीटबद्दल आहे. आनंदी-दुःखी ठीक आहे, पण शूर, भित्रा, रागीट हे स्वभाव झाले ना! राग येतो आणि जातो, रागीट म्हटलं की शिक्काच बसला, आणि समोर शांत लिहिलंय म्हणजे शांत ती चांगली मुलगी हे तिने बरोब्बर ओळखलं. आणि गंमत सांगू, रॉबर्ट प्लुचिक म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९८० मध्ये भावनांचं एक चक्र मांडलं, त्यात आनंदासमोर दुःख आहे पण रागासमोर शांत नाहीच, भीती आहे! राग आला की माणूस अंगावर धावून जातो, भीती वाटली की मागे सरकतो, असा तो हिशोब. आपल्याकडे नाट्यशास्त्रात तर रौद्रातून करुण निघतो असं म्हटलंय. तुझ्या हॉलमध्ये तेच झालं की. आधी खुळखुळा आपटला, मग रडू आलं. म्हणजे 'मी दुःखी आहे' हे ती खरंच बोलली, फक्त त्याच्या आधीचं सांगायला तिच्याकडे शब्द नव्हता.

तो शब्द द्यायचाय, पण आपटाआपटी चालू असताना नको, तेव्हा डोक्यात काही शिरत नाही. तेव्हा फक्त हात धरायचा, "फेकायचं नाही, बाळाला लागेल", संपलं. बोलायचं नंतर, वेणी घालताना, आंघोळ घालताना. "का केलंस" विचारू नकोस, त्याला उत्तर नसतं तिच्याकडे. अंदाज करून विचार, "मी सारखी बाळालाच घेते म्हणून राग आला होता का गं?" नाही म्हणाली तर नाही, वाद घालायचा नाही. आणि किती आला होता तेही विचार, बोटभर, हातभर की घरभर? मुलांना हे फार आवडतं, दोन्ही हात पसरून दाखवतात. जोड्या लावण्यापेक्षा हे कमी-जास्त कळणं जास्त कामाचं आहे, कारण घरभर व्हायच्या आत, बोटभर असतानाच ती तुझ्याकडे येऊन सांगायला लागेल. लगेच नाही हां, वेळ लागेल.

भूक आणि झोप मात्र वेगळी काढ. "दुःखी नाहीयेस, भूक लागलीये तुला, पोटात बघ कसं गुडगुड होतंय." भीती वाटली की छातीत धडधड, राग आला की कान गरम, असं अंगावरून पटकन कळतं त्यांना.

आणि बाळ आवडतंही आणि नकोसंही वाटतं, हे दोन्ही एकदम असू शकतं हे मुलांना नीट समजायला सात-आठ वर्षं तरी उजाडतात. तोवर ते तू तिच्या वतीने बोल. "कधी कधी वाटतं ना, बाळ नसतं तर बरं?" ऐकायला कसंतरी वाटेल, पण तू म्हटलंस की तिला ते लपवावं लागत नाही.

सासूबाईंशी मूडवरून भांडू नकोस. धपाटा नको हे स्पष्ट सांग, पण शब्दांचं काम त्यांच्यावरच सोपव, कारण रुसली, फुगली, हिरमुसली, फुरंगटली, ओशाळली हे सगळं त्यांच्याकडे आहे, आपल्याकडे हॅपी, सॅड आणि अँग्री उरलंय! रात्री गोष्ट सांगताना "मग चिमणी कशी फुरंगटून बसली" म्हणून तोंड करून दाखवलं की झालं. आणि बाबांनाही सांग, ऑफिसातून आल्यावर "काही नाही" न म्हणता "आज वैताग आलाय, पण तुझ्यावर नाही" एवढं म्हणायला.

शाळेत बोल ना, पण तक्रार म्हणून नको. वर्कशीट पूर्ण करून दे आणि पुढच्या पीटीएमला बाईंना एवढंच सांग की ती स्वतःला रागीट म्हणायला लागलीये, वर्गात 'राग आलाय' असं म्हटलं तर बरं होईल. बाळाला खरोखर दुखापत करायला लागली, किंवा काही आठवडे झोप-जेवण बिघडलं, तर मात्र मुलांच्या डॉक्टरांना दाखव, तेवढ्यासाठी पुढच्या पत्राची वाट बघू नकोस.