जुन्या जागी जाणारे हात

"ताई, दीड वर्षाची मेहनत पाण्यात गेली हो."

न्यू जर्सीतल्या माझ्या छोट्याशा समुपदेशनाच्या ऑफिसात 2021च्या पानगळीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की समोरची आई खुर्चीत टेकायच्या आत मला त्याचा वास यायला लागला. शाळेनं गणिताची पद्धत बदलली, परीक्षेचा नमुना बदलला, पियानोच्या बाईच बदलल्या. त्या वर्षी त्यात जिम्नॅस्टिक्सची भर पडली.

ज्यांच्या घरी हा प्रकार नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत मुलींच्या जिम्नॅस्टिक्सच्या खालच्या लेव्हलना रूटीन, म्हणजे कसरतींची बांधलेली मालिका, स्वतःची नसते, ठरवून दिलेली असते. देशभरातल्या लेव्हल फोरच्या सगळ्या मुली फ्लोअरवर (जमिनीवरच्या कसरतीत) एकाच संगीतावर तेच करतात. हात कुठे, मान कुठे, पाऊल कोणतं, सगळं लिहिलेलं. हात चुकीच्या जागी गेला की गुण कापले. साधारण आठ वर्षांनी हा सगळा संच बदलतो. 2013मध्ये बदलला तेव्हा लेव्हलचे आकडेही सरकले. जुनी पाचवी ती नवी चौथी झाली, आणि "मुलीला खाली ढकललं" म्हणून बाप मंडळी माझ्याकडे तणतणत आली होती. 2021च्या ऑगस्टपासून पुन्हा नवा संच लागू झाला.

या वेळचा बदल लॉकडाऊनच्या पाठोपाठ आला. तेव्हा माझ्याकडे आलेल्या एका मुलीला आपण मुक्ता म्हणू (ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्यात). वय दहा. जिम बंद असताना या मुलीनं तळघरातल्या कार्पेटवर पाच मीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद निळी टेप चिकटवली, बीमच्या (तोल सांभाळत कसरत करायच्या अरुंद पट्टीच्या) मापाची, आणि त्यावर जुनी रूटीन रोज घोटली. नंतर जेमतेम दोन मीट, म्हणजे स्पर्धा, मिळाल्या, त्याही मास्क लावून. मग ऑगस्ट उजाडला. नव्या रूटीनला उभी राहिली की हात आपोआप जुन्या जागी जायचे. सप्टेंबरमध्ये तिनं जिमला जायच्या दिवशी पोट दुखतं म्हणायला सुरुवात केली.

पहिल्या भेटीत आईच बोलली. मुक्ता खिडकीबाहेर बघत होती.

"सगळं वाया गेलं," मधेच मुक्तानं जोडलं. "सगळंच."

पहिल्या तीन भेटी मी या 'वाया'मागे धावण्यात घालवल्या. त्याची आता थोडी लाज वाटते. रुमानियाची जिम्नॅस्ट नाडिया कोमानेची हिची गोष्टसुद्धा सांगून पाहिली. 1976ला माँट्रिअलमध्ये तिला बार्सवर पहिले दहापैकी दहा मिळाले, ते असल्याच सक्तीच्या रूटीनला. पुढच्या ऑलिंपिकला ती रूटीन बाद झाली. 1996च्या अटलांटानंतर तर ऑलिंपिकमधून सक्तीच्या रूटीनच गेल्या. मुक्तानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण तिला टेन मिळून गेले होते ना आधी." थोरामोठ्यांच्या गोष्टींनी मुलांना बरं वाटतं हा मोठ्यांचा समज आहे. माझाही होता.

चौथ्या भेटीला मी ऑफिसातल्या सतरंजीवर टेप लावली, बूट काढले आणि तिला म्हटलं, "मला जुनी बीम रूटीन शिकव."

ती हसली. तोपर्यंत मी तिचे दात पाहिलेच नव्हते. पण शिकवायला लागली आणि एकदम कडक झाली. "मावशी, गुडघा. मावशी, टोज! खाली नाही बघायचं, बीमचं टोक बघायचं. पोट आत." चौपन्न वर्षांची मी, एका पायावर डुगडुगते आहे आणि ही कमरेवर हात ठेवून उभी. पाचेक मिनिटांत मी धापा टाकत बसले आणि माझ्या मते फार हुशारीचं वाक्य टाकलं, "बघ, मघापासून तू मला किती वेळा टोकलंस. गुडघा, बोटं, नजर, पोट. यातलं नव्या रूटीनमध्ये काय बदललंय? रूटीनचा क्रम तू एकदाही बोलली नाहीस."

"कारण तुम्ही तिथपर्यंत पोचलाच नाहीत," ती म्हणाली.

बरोबरच होतं. आम्ही दोघी खूप हसलो. मी हरल्यामुळे असेल किंवा हसण्यामुळे, पण त्यानंतर ती टेपची कड नखानं उचकटत बसून राहिली. मीही गप्प बसले. हे गप्प बसणं शिकायला मला बारा वर्षं लागली आहेत. मग मी विचारलं, "वाया गेलं म्हणजे काय गं?"

"आई म्हणते ना."

"आई राहू दे. तुला काय वाटतं?"

"आधी मी पुढे उभी राहायचे."

फ्लोअर रूटीन सगळ्या मिळून करायच्या तेव्हा कोच मुक्ताला पहिल्या ओळीत उभं करायचे. कुणी विसरलं की तिच्याकडे बघायचं. आता तिथे आठ वर्षांची एक नवी मुलगी उभी असते. "तिला जुनं येतच नव्हतं, म्हणून तिला पटकन आलं. आणि मी मागे. इट्स नॉट फेअर."

म्हणजे 'वाया'चा प्रश्न तिचा नव्हताच. तो शब्द तिनं घरातून उचलला होता, आपल्या मापाचा नसलेला कोट घालावा तसा. तिचं दुःख वेगळं होतं, अगदी नेमकं होतं, आणि ते कुणी विचारलंच नव्हतं. ज्याला जास्त येत होतं त्यालाच विसरायचं जास्त. यात अन्याय आहे असं मी तिला साफ सांगितलं. "नाही गं, तसं काही नसतं" म्हटलं असतं तर ती पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली असती.

मग मी आईला एकटीला बोलावलं. "पाण्यात गेलं असं कधी तुमच्या बाबतीत झालंय?" एवढंच विचारलं. बाई आधी हसल्या. पुण्यात बीडीएस, चार वर्षं स्वतःचा दवाखाना. इथे आल्यावर कळलं, पुन्हा दोन-तीन वर्षं शिकल्याशिवाय रुग्णाच्या तोंडात आरसासुद्धा घालता येणार नाही. आता त्या एका डेंटल क्लिनिकच्या फ्रंट डेस्कवर अपॉइंटमेंट लिहून घेतात.

"असं व्हायलाच नको होतं," त्या म्हणाल्या. कुणाच्या बाबतीत, ते मी विचारलं नाही. टिश्यूचा डबा पुढे सरकवला.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॉ. अल्बर्ट एलिस यांच्या वळणाची. घटनेपेक्षा घटनेबद्दल आपण स्वतःला जे बजावतो ते जास्त छळतं, असं ते मानत. अमेरिकन सहकाऱ्यांना हे समजावायला तक्ते काढावे लागतात. मराठी माणसाला मी एक अक्षर दाखवते, 'च'. 'व्हायला नको होतं' ही नाराजी आहे, तिच्यासकट माणूस जिमला जातो. 'व्हायलाच नको होतं' म्हटलं की पोट दुखतं. आईच्या वाक्यातला 'च' मुलीच्या 'सगळंच'मध्ये जसाच्या तसा उतरला होता. हे सुचलं तेव्हा मी घरी येऊन स्वतःला एक कप जास्तीचा चहा दिला.

आता ज्या पालकांच्या घरी हेच चाललंय त्यांच्यासाठी. हात जुन्या जागी जातात तो हट्ट नाही आणि विसराळूपणाही नाही. घोटलेली हालचाल मनाला न विचारता होते, त्यासाठीच तर घोटतात. जुनी पुसायची नसते, पुसली जातही नाही. तिच्याशेजारी नवी वाट पाडायची असते. सुरुवातीला दोन्ही एकाच दिवशी करू नयेत. जुने व्हिडिओ कौतुकानं पुन्हा पुन्हा लावू नयेत, निदान काही आठवडे. जिथे चुकतं तो रूटीनचा एकच तुकडा धरावा आणि जमिनीवरच्या टेपवर, अगदी सावकाश, तोंडानं म्हणत करावा. मुक्ता त्या जागी "कान" म्हणायची, कारण नव्या रूटीनमध्ये तिथे दंड कानाला लागायचे. संपूर्ण रूटीन रोज दहादा करण्यापेक्षा हे बरं. कोच हेच सांगत असतील तर माझं सोडा आणि त्यांचं ऐका.

आणि दीड वर्ष कुठे गेलं ते मुलांना पटवू नका. 'शिस्त लागली, ताकद आली' हे खरं असलं तरी त्या वयात ते बक्षीस न मिळालेल्या मुलाच्या हातावर ठेवलेल्या पेढ्यासारखं लागतं. त्याऐवजी विचारा, या बदलात तुझं नेमकं काय गेलं? उत्तर बहुतेक वेळा आपण धरलेलं नसतं. एका मुलीचं आवडतं संगीत गेलं होतं, बस. आणखी एक, मीटहून येताना गाडीत स्कोअर हा विषय नको. मुलीनं काढला तर ऐकायचं.

मुक्ता पहिल्या ओळीत परत गेली का? नाही, निदान त्या सीझनला तरी नाही. पोटदुखी नोव्हेंबरपर्यंत थांबली. आठ वर्षांच्या मुलीला टोज नीट जमत नव्हते, ते हिनं तिला मागून सांगायला सुरुवात केली, जरा जास्तच मोठ्यानं.

फेब्रुवारीतल्या मीटनंतर आईचा मेसेज आला. "ताई, बीमवर हात एकदा जुन्याच जागी गेला. बाकी नीट. गाडीत मी स्कोअरचा एक शब्द काढला नाही. पन्नास मिनिटं होती. कशी काढली माझं मला माहीत."