ग्रंथपालाचा दर्जा आणि कायमपणाचा आदेश

प्रश्न : मी एका अनुदानित महाविद्यालयात दोन वर्षांहून अधिक काळ पूर्णवेळ ग्रंथपाल आहे. निवड विद्यापीठाच्या निवड समितीमार्फत झाली आणि मान्यतेचे पत्रही आले आहे. तरीही सेवेत कायम केल्याचा आदेश संस्थेने दिलेला नाही. कार्यालयात माझे नाव शिक्षकेतरांच्या हजेरीपटावर आहे आणि ‘तुम्ही वर्गावर जात नाही, मग शिक्षक कसे?’ असे ऐकवले जाते. माझा नेमका दर्जा कोणता? – एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : आपण शिक्षक आहात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, 2016 मधील ‘शिक्षक’ या संज्ञेच्या व्याख्येत पूर्णवेळ आणि मान्यताप्राप्त अशा प्राध्यापकांबरोबर महाविद्यालयीन ग्रंथपाल व शारीरिक शिक्षण संचालक यांचाही स्पष्ट उल्लेख आहे, आणि त्याआधीच्या, 1994 च्या अधिनियमातही तो होता. वर्गावर जाण्याचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्येच एका वेगळ्या संदर्भात निकाली काढला आहे. आंध्र प्रदेश कृषी विद्यापीठातील एका शारीरिक शिक्षण संचालकांना शिक्षक न मानता 60 ऐवजी 58 व्या वर्षी निवृत्त करण्यात आले होते; खेळाचे नियम, तंत्र व कौशल्ये विद्यार्थ्यांना शिकवणे हे मैदानावर घडले तरी ते अध्यापनच ठरते, असे न्यायालयाने त्या प्रकरणात म्हटले. आपल्या बाबतीत तर इतका युक्तिवाद करण्याचीही गरज नाही, कारण पदाचे नावच कायद्यात लिहिलेले आहे. हजेरीपट कोणता वापरायचा हे कार्यालय ठरवत असेल, परंतु त्यावरून दर्जा ठरत नाही.

कायमपणाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 18 जुलै 2018 च्या विनियमांनुसार परिविक्षा कालावधी, म्हणजे कायम करण्यापूर्वीचा चाचणीचा काळ, एक वर्षाचा असतो आणि तो फार तर आणखी एक वर्ष वाढवता येतो. मात्र ही वाढ पहिले वर्ष संपण्यापूर्वी स्वतंत्र आदेशाने व्हावी लागते. कामगिरी समाधानकारक असल्याची पडताळणी करून परिविक्षा संपल्यापासून 45 दिवसांत कायमपणाचा आदेश काढणे संस्थेवर बंधनकारक आहे. आपल्याला मुदतवाढीचा आदेश मिळाला होता का, हे प्रथम पाहावे. नसेल तर आपली बाजू अधिकच भक्कम आहे. नेमणूकपत्र, रुजू अहवाल आणि मान्यतेचे पत्र जोडून प्राचार्यांमार्फत संस्थेच्या सचिवांना लेखी अर्ज करावा, त्याची पोच घ्यावी आणि एक प्रत विभागीय उच्च शिक्षण सहसंचालकांना द्यावी. तोंडी आश्वासनांवर वर्षे काढणारे अनेक जण असतात आणि पुढे वेतननिश्चितीच्या वेळी त्यांचीच सर्वाधिक ओढाताण होते.

प्रश्न : मी प्रयोगशाळा सहायक आहे. प्रात्यक्षिकांच्या वेळी विद्यार्थ्यांना बरेच काही मीच शिकवतो. मला शिक्षकाचा दर्जा मागता येईल का? शिक्षकेतर असल्यामुळे आमच्या नोकरीला संरक्षण नाही, हे खरे आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. आपले पद वरील व्याख्येत नाही आणि प्रत्यक्ष कामाच्या आधारे ते तिथे घुसवण्याचा प्रयत्न यशस्वी होण्याची शक्यता मला दिसत नाही. कामाला योग्य मोबदला व बढती हवी, ही मागणी रास्त आहे, पण ती शिक्षकेतर संवर्गाच्या वेतनश्रेणीच्या मार्गाने मांडावी.

दुसरा समज मात्र चुकीचा आहे. शिक्षकेतरांच्या सेवाशर्तींसाठी 1984 ची प्रमाण संहिता आहे आणि कायम कर्मचाऱ्याला गैरवर्तनाच्या आरोपावरून चौकशीशिवाय बडतर्फ करता येत नाही. बडतर्फी, सेवासमाप्ती किंवा पदावनती झाल्यास खासगी महाविद्यालयातील शिक्षक ज्या विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे अपील करतो, त्याच न्यायाधिकरणाकडे शिपायालाही जाता येते. खरी असुरक्षितता आहे ती तासिका तत्त्वावरील अध्यापकांची. ते रोज वर्गावर असतात, पण पूर्णवेळ नसल्यामुळे व्याख्येबाहेर राहतात. आणि केवळ दीर्घ सेवेमुळे तात्पुरत्या कर्मचाऱ्याला कायम होण्याचा हक्क मिळत नाही, हे उमादेवी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले आहे.

अपिलाची मुदत 30 दिवसांची आहे. म्हणून संस्थेचा असा कोणताही आदेश हाती पडला की त्यावर मिळाल्याची तारीख घालूनच सही करावी.